‘कधी?’ची जागा

"तीळ पूस, ताई. आत्ताच्या आत्ता पूस!"

निवेदक बांग खांद्यानं दार ढकलून आत घुसला, तेव्हा मालसुन आरशापुढे वाकून डाव्या गालावर पेन्सिलनं तीळ काढत होती. रंगमंचामागे कलाकारांसाठी ठेवलेला तो लोखंडी कंटेनर. आत विजेची एक शेगडी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि किनाऱ्यावरच्या चिखलावरून येणारं वारं अडवायला खिडकीला चिकटवलेला पुठ्ठा. कोरियातल्या गालमुनच्या शिंपल्यांच्या जत्रेत ती दर वर्षी इथंच तयार व्हायची.

"का रे? सुरकुतीत गेला का?"

"ती आलीय."

"ती कोण?"

बांगनं मागं हात करून दार लावलं. "छा उनरान. खरी."

मालसुनच्या हातातली पेन्सिल गालावरच थांबली. "ती तर गेली ना?"

"गेली असं आपण म्हणत होतो. तिनं ते मनावर घेतलं नाही, त्याला मी काय करू? ब्राझीलहून आलीय, आजारी बहिणीला बघायला. बहीण इथलीच, पलीकडच्या वाडीतली. जत्रावाल्यांना पत्ता लागला, त्यांनी थेट गाडी पाठवली. मला सांगतायत आत्ता. आत्ता! माणसं खुर्च्यांवर येऊन बसल्यावर!"

"आणि मी?"

बांगनं शेगडीकडे बघितलं.

तिचं खरं नाव प्यो मालसुन. मालसुन म्हणजे शेवटची मुलगी. आता मुली पुरे, असं देवाला कळावं म्हणून बापानं ठेवलेलं नाव. देवानं ते वाचलं नसावं, कारण तिच्या पाठीवर आणखी दोघी आल्या. सुनचॉनच्या बाजारात तिचं किमचीचं, म्हणजे तिखटात मुरवलेल्या कोबीचं, आणि मुरवलेल्या खेकड्यांचं दुकान होतं. आठवडाभर ती तिखटात कोपरापर्यंत बुडालेली असायची, आणि जत्रा, साठीशांत, नव्या दुकानाचं उद्घाटन असलं काही निघालं की पांढरा झगा घालून, गालावर तीळ काढून छा गुमरान व्हायची.

मोठ्या गायकांच्या नकला करणारे पुष्कळ. त्यांची नावंही अशीच, एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली, म्हणजे पोस्टर खोटं ठरत नाही. पण त्यांच्या वाट्याला शंभर शंभर गाणी. मालसुनच्या वाट्याला एक आलं. छा उनरानचंच मुळी एक होतं. ‘भरतीला ये.’ मालसुन शाळेत होती तेव्हा ते न्हाव्याच्या दुकानात, गावोगाव फिरणाऱ्या बसमध्ये, बर्फाच्या कारखान्यात, सगळीकडे वाजायचं. मग उनरानची दुसरी तबकडी आली आणि बुडाली, आणि पाठोपाठ उनरानही कुठं दिसेना. गाणं मात्र काही बुडलं नाही.

ग्वांगजूच्या एका नाचघराच्या मालकानं बाजारातल्या गाण्याच्या स्पर्धेत मालसुनला ऐकलं. तबकडीचं कव्हर तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. "हनुवटी तीच आहे. तीळ आपण काढू. तिच्या नावात ‘उन’ म्हणजे चांदी आहे ना, तुझ्या नावात ‘गुम’ म्हणजे सोनं घालू. कोण तक्रार करतंय?"

कुणीच केली नाही. आजपर्यंत.

त्या नाचघरातच एका संध्याकाळी ती शेवटच्या ओळीआधी अडखळली. ‘ओहोटीच्या पायी नको, माझ्या दारी, माझ्या दारी...’ आणि पुढचं डोक्यातून पार गेलं. त्या शांततेत मागच्या टेबलावरचा एक पिऊन तर्र झालेला खलाशी कळवळून ओरडला, "कधी?" सगळं नाचघर खो खो हसलं, आणि त्या हसण्यात तिला ओळ सापडली. "भरतीला ये."

दुसऱ्या दिवशी लोक त्या जागेची वाट बघायला लागले. मग तिनं ती जागा ठेवूनच दिली. बघता बघता ते ‘कधी?’ सगळ्या दक्षिण किनाऱ्यावर पसरलं. सहलीच्या बसमधल्या बायका ओरडायला लागल्या, गाण्याच्या वर्गातल्या आज्या ओरडायला लागल्या. जत्रेतला साउंडवाला जू त्या जागी ट्रॅक बोटानं थांबवून धरायचा, आणि मालसुननं हनुवटी उचलली की सोडायचा. मूळ तबकडीत अशी जागा नाही, हे आता फार थोड्यांना आठवत होतं.

"ती स्टेजवर बोलेल काही?" मालसुननं विचारलं.

"काय बोलेल?"

"की ही बाई माझ्या गाण्यावर जगली म्हणून. एवढं एक वाक्य बोलली ना बांग, तर पुढच्या जत्रेला मला कोण बोलावेल?"

"किमची आहे की तुझी. उपाशी थोडीच मरणार?"

"किमचीला माणसं ‘कधी?’ म्हणून ओरडत नाहीत."

बांग काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं.

आत आलेली बाई ठेंगणी होती, ताठ होती, आणि तिच्या अंगातला राखाडी कोट थेट गळ्यापर्यंत बंद होता. तिनं खुर्चीवर टाकलेला पांढरा झगा पाहिला. मग मालसुनचा गाल पाहिला.

"हा काय आहे?"

"तीळ," मालसुन पुटपुटली. "तुमचा, बाई."

"मला कुठं तीळ आहे?"

खरंच नव्हता. तो गाल साबणाच्या वडीसारखा स्वच्छ होता.

"कव्हरवर होता..."

"तो शाईचा डाग होता. छापखान्यातला. मी तेव्हाच भांडले होते." उनराननं पर्समधून रुमाल काढला, खुर्ची पुसली आणि बसली. "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं डाग लावून हिंडताय."

बांगला खोकला आला. तो हसू दाबतोय की घाबरलाय, हे मालसुनला कळलं नाही. त्यानं घाईघाईनं कागदी पेल्यात बार्लीचा चहा ओतून उनरानच्या हातात दिला.

"बाई, तुमच्यानंतर यांनी पण एकदा... म्हणजे माणसांना सवय आहे..."

"दोनदा कशाला? गाणं एक, गायिका एक." तिनं चहाला हात लावला नाही. "माझ्या भाच्यानं मला फोनवर दाखवलं. कुठल्याशा बसमध्ये बायका ओरडत होत्या माझ्या गाण्यात. गाडी चुकल्यासारख्या. ते कुणी घातलं?"

कंटेनरवर वारं आपटत होतं. मालसुन म्हणाली, "मी."

"का?"

"विसरले होते, बाई. एकदा. ओळ विसरले होते."

"आणि तुमची चूक माझ्या गाण्यात ठेवून दिलीत." उनरानचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "साओ पाउलोत मी चाळीस वर्षं शर्टांना काजं केली. तिकडे कुणाला ठाऊकसुद्धा नाही मी गायचे ते. यंत्र चालू असलं की मनातल्या मनात म्हणायचे. एकही सूर हलू दिला नाही मी. आणि इथं येऊन बघते तर काय, वाटेल तो येऊन मध्ये खिळे ठोकून गेलाय."

दारावर टकटक झाली. साउंडवाला जू. हातात उनरानची चकचकीत तबकडी. "बाई, ही सीडी आहे."

"मग?"

"सीडी घालायला माझ्याकडे काही नाही. हल्ली सगळं लॅपटॉपवर. माझ्याकडे फक्त..." त्यानं मालसुनकडे चोरून बघितलं, "गुमरानताईंचा ट्रॅक आहे."

बाहेर ढोलकीवाल्यांचा कार्यक्रम संपला, टाळ्या पडल्या. पुढचा क्रमांक हाच होता.

"पट्टी कुठली?" उनराननं विचारलं.

"मूळ पट्टीच्या थोडी खाली," जू म्हणाला.

"चालेल. लावा." ती उठली आणि कोटाची बटणं काढायला लागली. आत साधा निळा पोशाख होता.

"बाई," मालसुन म्हणाली, "त्या ट्रॅकमध्ये एका ठिकाणी जू..."

"तुम्ही आता मला माझं गाणं शिकवणार?"

मालसुनचं तोंड मिटलं.

जू दारात घुटमळला. एक शब्द पुरला असता. ‘आज थांबवू नकोस रे.’ एवढंच. मालसुनला ते वाक्य घशापाशी आलेलं जाणवत होतं, माशाच्या काट्यासारखं. तिनं ते गिळलं. होऊ दे, तिला वाटलं. कळू दे तिला कोण कुणाच्या गाण्यावर जगलं ते. जू गेला. बांगनं गळ्यातला बो सरळ केला आणि तोही गेला.

"नीट बघा बाजूला उभ्या राहून," जाता जाता उनरान म्हणाली. "मुळात कसं होतं ते."

रंगमंचाच्या बाजूला, पडद्याच्या खांबाआड मालसुन उभी राहिली. पांढऱ्या झग्यावर तिनं मासळीबाजारातला जाड कोट चढवला होता, तरी दात वाजत होते. समोर खुर्च्या गच्च भरलेल्या. शिंपल्या वाफवणाऱ्या पातेल्यांचा धूर, पायाशी माक्कोलीच्या, तांदळाच्या दारूच्या बाटल्या, गुडघ्यांवर ब्लँकेटं. पहिल्या रांगेत लाल टोपीवाले आजोबा. दर वर्षी तीच खुर्ची, तीच टोपी. जवानीत नौदलात होते म्हणे.

बांगनं नाव पुकारलं. सगळा जोर ‘उन’वर देऊन पुकारलं. पण भोंगा खरखरला, आणि लोकांनी जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. "गुमरान! गुमरान!"

निळ्या पोशाखातली ठेंगणी बाई माइकपाशी आली. टाळ्या विस्कटल्या.

"ही कोण?" आजोबांनी शेजारणीला विचारलं. शेजारीण बर्फाच्या कारखान्यातली निवृत्त बाई होती.

"गुमरानच असेल. आटलीय जरा."

"झगा कुठंय? तीळ कुठंय?"

"अहो, गप्प बसा!"

सूर सुरू झाले, आणि उनरान गायली.

आवाज म्हातारा झाला होता, कडांना फाटला होता, पण आत तेच होतं. न्हाव्याच्या दुकानातलं. शाळेतून येताना दप्तर छातीशी धरून ती ज्याच्यासाठी दुकानाबाहेर उभी राहायची, ते. इतकी वर्षं ती ज्याची नक्कल करत होती, ते तिला कधी जमलंच नव्हतं, हे तिला पहिल्या ओळीतच कळलं. आणि लगेच दुसरी गोष्ट कळली, की आता ती जागा येणार.

‘ओहोटीच्या पायी नको... माझ्या दारी, माझ्या दारी...’

जूचं बोट सवयीनं खाली गेलं. ट्रॅक थांबला. उनरान थांबली नाही. तिनं उघड्या शांततेत "भर..." म्हणून सूर लावला आणि त्याच क्षणी समोरच्या सगळ्या माणसांनी, आज्यांनी, खलाशांनी, पातेल्यांवरच्या बायकांनी एका दमात आरोळी ठोकली, "कधीऽऽ?"

सूर चिरडला गेला. उनरान मागं सरकली. आरोळी विरली. जू हनुवटीची वाट बघत बसला, हनुवटी उचलायला तिथं कुणीच नव्हतं. बाई गप्प, ट्रॅक गप्प. शेवटी जूनं घाबरून बोट उचललं आणि ट्रॅक एकटाच पुढं पळाला.

मग आजोबा उठले. काठी जमिनीवर आपटली. "ए, ही खोटी आहे!"

हशा पिकला. कुणी शिट्टी मारली.

"खोटी आहे म्हणतो मी! आमच्या गुमरानला जागा ठाऊक आहे. हिला जागाच ठाऊक नाही. तीळपण नाही. आमची कुठंय?"

"आमची आणा! गुमरान! गुमरान!"

मालसुनला हेच हवं होतं. घटकेपूर्वी हेच हवं होतं. ती खांबाला धरून उभी राहिली आणि दिव्यांखाली त्या बाईचे हात तिला दिसले. माइक धरायचा सोडून ते हात पोशाखाच्या कडेवर काहीतरी शोधत होते. काज शोधावं तसे.

मधलं संगीत चालू होतं. पुढचं कडवं यायला थोडाच अवकाश. जूला थांबवू नको म्हणून सांगता आलं असतं, पण त्याचा आता उपयोग नव्हता. जू थांबो न थांबो, माणसं ओरडणारच. त्यांना कोण थांबवणार? थांबायचं होतं ते एकट्या उनराननं.

मालसुननं बाहीनं गाल घासला. तीळ पसरला, काळपट डाग झाला, मग गेला. गळ्यातला रुमाल डोक्याला गुंडाळून ती मागच्या पायऱ्या उतरली, तारांवरून धडपडत, शिंपल्यांच्या ढिगाला वळसा घालून पहिल्या रांगेसमोर आली. कडवं सुरू झालं होतं. उनरान गात होती, पण डोळे जमिनीत. आवाज ओळीच्या शेवटी शेवटी थरथरत होता.

"ए बाई, बस खाली!" लाल टोपीवाले आजोबा मागून खेकसले. "काही दिसेना झालंय. बाजारातून उठून आल्या थेट!"

तिला त्यांनी ओळखलं नाही. इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून.

"बसते, आजोबा, एवढं होऊ द्या."

"आमच्या वेळी बायका ऐकायच्या तरी!"

"ऐकतेय हो!" ती मागं न बघता ओरडली, आणि तिनं हात वर केला. तळवा उघडा, पोरांना रस्ता ओलांडताना थांबवतात तसा.

उनराननं वर बघितलं.

आधी तिला कळलं नसावं, डोक्याला रुमाल बांधलेली ही बाजारातली बाई कोण. मग नजर कोटाच्या खाली गेली, पांढऱ्या झग्याच्या कडेवर. तिचा चेहरा कठीण झाला. मालसुननं हात खाली घेतला नाही.

‘...माझ्या दारी, माझ्या दारी...’

ट्रॅक थांबला. उनरानचे ओठ उघडले होते. मालसुनचा तळवा हवेत. उनराननं ओठ मिटले.

"कधीऽऽ?"

यावेळी मालसुनही ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. इतकी वर्षं ती या आरोळीच्या पलीकडल्या बाजूला उभी होती, आणि ओरडताना माणसाच्या छातीत काय होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. बाप आठवला. न्हाव्याचं दुकान आठवलं. बंदरावरून गेलेला आणि न आलेला एकजण आठवला, ज्याचं नावही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मागं बर्फाच्या कारखान्यातली बाई ओरडता ओरडता रडत होती. माणसं गायिकेला विचारतच नव्हती. ज्याला त्याला आपापल्या माणसाला विचारायचं होतं.

मालसुननं हनुवटी उचलली, हात खाली आणला. जूनं ट्रॅक सोडला. आणि उनराननं, फाटक्या, म्हाताऱ्या, खऱ्या आवाजात उत्तर दिलं, "भरतीला ये."

टाळ्या पडल्या. शेवटच्या कडव्याला उनराननं तिच्या हाताकडे बघितलंही नाही. ती समोरच्या माणसांकडे बघत होती, आणि ‘कधी?’ झाल्यावर हनुवटी तिनं स्वतःच उचलली. जूला ती दिसली.

"सुधारली जरा," आजोबा खाली बसत म्हणाले. "पण नक्कल ती नक्कलच."

मालसुन कंटेनरमध्ये परतली तेव्हा उनरान शेगडीपाशी बसली होती. थंड झालेला बार्लीचा चहा तिनं संपवला होता. मालसुन दारातच थांबली.

"मी आधीच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "जूला सांगता आलं असतं. सांगितलं नाही."

"माहीत आहे. तोंड मिटताना बघितलं मी तुमचं." उनराननं पेला चुरगळला. "मीही मिटलं असतं."

बाहेरून बांगचा आवाज येत होता, लोकांना रोखून धरणारा, पाचकळ विनोदांवर विनोद. मध्येच लोकांचा गजर. "गुमरान! गुमरान!"

"किती थांबायचं हे कसं कळतं?" उनराननं विचारलं. "मोजता?"

"नाही हो. ओरडून झालं की माणसं श्वास घेतात. सगळी एकदम. तो ऐकू आला की."

उनराननं खुर्चीवरचा कोट ओढून मांडीवर घेतला. मालसुनला वाटलं, आता येईल ते वाक्य. यापुढं माझं गाणं गायचं नाही. तिनं मनातल्या मनात झग्याची घडी घालून तो पेटीत ठेवूनही दिला.

"बोलावतायत," उनरान म्हणाली.

"तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही, बाई."

"मी नको म्हटलं म्हणून ती माणसं गप्प बसणारायत का?" ती उठली, कोट घालायला लागली, वरचं बटण लागेना म्हणून वैतागली. "जा. आणि ऐक, ‘वाळूवरची पावलं माझी’ला तू श्वास चोरतेस. भाच्यानं दाखवलं त्यात बघितलं मी. चोरू नकोस. घे तिथं. मी तिथं रडत होते रेकॉर्डिंगला, म्हणून घेतला होता."

‘तुम्ही’ कुठं गळालं, ते दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मालसुननं कोट उतरवला. पेन्सिल उचलली, आरशापुढे वाकली, आणि मागं वळून बघितलं. उनराननं हात उडवला. "लाव, लाव. त्याशिवाय तो टोपीवाला बसू देणार नाही."

ती रंगमंचावर आली तेव्हा जत्रा उठून उभी राहिली. पहिलं कडवं तिच्या अंगवळणी पडल्याप्रमाणे गेलं. दुसऱ्याला ‘वाळूवरची पावलं माझी’ म्हणून ती थांबली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथं तिनं पूर्ण, मोठा, ऐकू जाईल असा श्वास घेतला. ओळ किंचित मागं पडली. जूनं चमकून वर बघितलं. पुढची ओळ तिच्या घशातून आली ती थोडी कापरी, थोडी परकी होती.

पहिल्या रांगेत लाल टोपी शेजारणीकडे झुकली.

"आज हिचंही काहीतरी बिघडलंय."

"गप्प बसा हो," शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "जागा यायचीय."